पिवळ्या दगडातला शिंपला

जैसलमेरला जायचं ठरलं तेव्हा घरातली चार माणसं एका बाजूला होती आणि आनंदा एकटा दुसऱ्या बाजूला.

सून प्राची जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसली होती. दिवाळीनंतरचा आठवडा, किल्ला, उंट, तंबूतला एक मुक्काम असं सगळं तिने तारखांसकट मांडलं होतं. आनंदाच्या बायकोने, शकूने, तर पनवेलच्या बाजारातून स्वेटरही आणून ठेवला होता.

"मी नाय येत," आनंदा म्हणाला. "तुमी जाऊन या."

"का बाबा?" हरेशने विचारलं. "तब्येत तर बरी आहे ना?"

"तब्येतीला काय झालाय? तिथं पाणी नाय. नुसती रेती. रेतीत मी काय बगू?"

तो चेष्टा करत नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आनंदाची पंचेचाळीस वर्षं मिठागरात गेली होती. भरती आली की बांधातल्या उघाडीची फळी उचलायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं, फळी खाली टाकायची आणि उन्हाला आपलं काम करू द्यायचं. मिठागर बुजलं, त्यावर इमारती उभ्या राहिल्या, तरी आजही सकाळी चहा पिताना तो शकूला सांगे, "अकराला भरती हाय." शकू बरं म्हणे. पाण्याचं येणं-जाणं नसलेल्या गावात दिवस कसा कळत असेल, हे त्याला खरोखरच उमगत नव्हतं.

हरेशने जास्त ताणलं नाही. दोन दिवसांनी पनवेलजवळ नेऱ्याला एका फार्महाऊसचं काम बघायला निघाला, तेव्हा मात्र त्याने बापाला गाडीत घेतलं. "जैसलमेरचा दगड आलाय तिकडे. गाव नको तर निदान तिथला दगड तरी बघा."

अंगणात पिवळ्या लाद्यांची थप्पी लागली होती. हळद घातलेल्या भातासारखा रंग. धर्मराज नावाचा कारागीर उकिडवा बसून छिन्नी चालवत होता. तो मूळचा जैसलमेरकडचा, पण बारा वर्षं इकडे काम करून मोडकंतोडकं मराठी बोलायला शिकलेला. आनंदा त्याच्यासमोर विटेवर टेकला आणि त्याचा हात बघत राहिला. हात चांगला होता.

एका लादीची कड जाड होती. धर्मराजने ती नीट बघून हातोडा मारला, तशी तिची एक खपली अलगद सुटली. आनंदाने ती सहज उचलून पालथी केली आणि तसाच थांबला.

दगडात शिंपला होता. बोटाच्या पेराएवढा, पंख्यासारख्या रेघांचा, दोन्ही झाकणं मिटलेली.

"ही तर खाडीतली तिसरी," तो म्हणाला. "ही दगडात कुणी बसवली?"

"बसवली नाही, काका. असंच निघते. आमच्या गावाला जमिनीवर पण भेटते. बकऱ्या चरतात ना, तिथे." धर्मराज हसला. "मास्तर बोलायचे, पहिले तिथे समुंदर होता."

आनंदाने रेघांवरून नख फिरवलं. चिखलात हात घालून अशा हजारो तिसऱ्या त्याने काढल्या होत्या. डोळे मिटूनही त्याला ती ओळखता आली असती. खाऱ्या पाण्याशिवाय ही जगत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. म्हणजे पाणी होतं. जिथे नुसती रेती, तिथे भरती येत होती.

"खपली मी नेऊ?" त्याने विचारलं.

घरी आल्यावर त्याने ती नातीपुढे ठेवली. मनस्वी नववीत होती. तिने फोनमध्ये शोधाशोध केली आणि म्हणाली, "आबा, सोळा कोटी वर्षं. साधारण."

"सोळा कोटी म्हणजे किती?"

तिने आकडा लिहून दाखवला. शून्यं बघून आनंदाला काहीच कळलं नाही, आणि त्याने तसं सांगितलंही. मनस्वीने थोडा विचार केला. मग स्वयंपाकघरातून खड्याच्या मिठाची बरणी आणि प्राचीचा केकसाठीचा वजनकाटा आणला. "एक खडा म्हणजे एक वर्ष," ती म्हणाली. दोघांनी शंभर खडे मोजले. काट्यावर पाच ग्रॅम भरले. बाकीचा हिशेब तिने कागदावर केला, दोनदा तपासला.

"आठ टन."

आनंदा खुर्चीत मागे टेकला. आठ टन म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. मिठागरावर येणारा भरलेला ट्रक. वीस माणसं डोक्यावर पाट्या घेऊन फळीवरून चढत, आणि तो भरेपर्यंत दुपार व्हायची. त्या ट्रकातला एकेक खडा म्हणजे एकेक वर्ष.

"आता माजी काढ," तो म्हणाला.

मनस्वीने चौऱ्याहत्तर खडे मोजून त्याच्या तळहातावर ठेवले. चिमूटभर. आनंदा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत बसला. त्याला वाईट वाटलं नाही. आपण फार मोठ्या जागेत उभे आहोत आणि आजवर ते ठाऊकच नव्हतं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नेऱ्याला गेला. धर्मराजने गावाला फोन लावला आणि वडिलांना सांगितलं की इथले एक काका शिंपले बघायला यायचं म्हणताहेत. म्हाताऱ्याने तिकडून काहीतरी लांबलचक विचारलं. धर्मराज थोडा ओशाळला.

"काय म्हंतात?"

"विचारतात, समुंदराचं पाणी रोज मागे जाते आणि परत येते, ते खरं काय? टीव्हीवर लाटा बघितल्या त्यांनी. पण पाणी सगळं निघून जाते, यावर भरोसा नाही."

"खरा हाय. दिवसातनं दोनदा."

धर्मराजने सांगितलं. मग पुन्हा प्रश्न आला.

"विचारतात, दोनदा? मग त्याला परत कोण बोलवते?"

चंद्र, पुनव, अवस हे आनंदाला तोंडपाठ होतं. पण ज्याच्या विहिरीचं पाणी एकदा गेलं की वर्षवर्ष येत नाही, त्या माणसाला हे कसं सांगावं ते त्याला सुचेना. "त्यांना सांग," तो शेवटी म्हणाला, "मी दाखवतो."

त्या संध्याकाळी त्याने प्राचीला तंबूचा मुक्काम खोडायला लावला आणि तिथे धर्मराजच्या गावाचं नाव लिहायला सांगितलं. शकू म्हणाली, "आता तुमाला पण स्वेटर आणावा लागंल." पाचही तिकिटं काढून झाली.

रविवारी तो मनस्वीला घेऊन मोऱ्याच्या बंदरावर गेला. पूर्ण ओहोटी होती. होड्या चिखलात एका कुशीवर कलंडल्या होत्या, पाणी दूर मागे गेलं होतं. मनस्वीने धर्मराजच्या वडिलांना दाखवायचा पहिला व्हिडिओ काढला. दर अर्ध्या तासाने एक काढायचा, असं ठरलं होतं. दोघं धक्क्यावर बसले. तिने वडापाव खाल्ला, आनंदाने नुसता चहा घेतला.

मग चिखलात एक बारीक चकाकती रेघ दिसली. तिची दोरी झाली, दोरीचा ओहोळ झाला. खेकड्यांची बिळं एकेक करून भरली. सगळ्यात जवळची होडी जराशी हलली, पुन्हा स्थिर झाली, आणि मग कुणी हात न लावता हळूहळू सरळ उभी राहिली.

"आबा, बघितलंत?" मनस्वी कुजबुजली.

आनंदाने मान डोलावली. त्याचा चहा केव्हाच गार झाला होता.