गालाच्या हाडांचा पुरावा

चरित्रकार तिसऱ्यांदा घरी आला तेव्हा मी मुद्दाम रजा टाकून बसले होते. आईला एकटीला गाठून त्याने सही उपटली असती.

माझी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, युद्धात हेरगिरी करताना पकडली गेली आणि मारली गेली. बेवारशांच्या कोपऱ्यात पुरली, वर नुसता आकडा. आता तिला वीरांच्या मैदानात हलवणार होते, नावाच्या दगडासकट. फक्त दगडावर वंश लिहायचा होता, आणि त्यावरून दोन विद्वान एकमेकांच्या उरावर बसले होते. सख्ख्या बहिणीने सही करून जे लिहून दिलं असतं, तेच दगडावर कोरलं जाणार होतं. या चरित्रकाराच्या पुस्तकात मावशी डोंगरी, दुसऱ्याच्या पुस्तकात बंदरी. आमची आजी डोंगरी आणि आजोबा बंदरी. घरात कुणी त्याचा हिशेब ठेवला नव्हता. पण या मेल्यांना तिची वाटणी करायची होती!

नव्वदीच्या आईला डोळे मिटण्याआधी तो दगड बघायचा होता. "देते लिहून डोंगरी म्हणून," ती मला म्हणाली होती. "काय बिघडतं? नाव तर लागेल."

मी कोर्टात कागदपत्रांच्या नकला तपासते, त्यामुळे कुठल्याही कागदाचा आधार आधी बघते. दोन्ही पुस्तकांचा आधार एकच निघाला. मावशीची उलटतपासणी घेणाऱ्या शत्रूच्या अधिकाऱ्याचा अहवाल, तेही एकच पान. वरच्या ओळीत 'बंदरी असावी', ते खोडून खाली 'गालाची हाडं पाहता डोंगरी'. एकाने खालची ओळ उचलली होती, दुसऱ्याने वरची.

"अहो, हा तिला मारणाऱ्याचा कागद आहे," मी म्हटलं.

"अस्सल साधन आहे, ताई." त्याने मिशीवरचा बिस्किटाचा चुरा झटकला. 

आईने पेन उघडलं होतं. तेवढ्यात त्याने कॅमेरा काढला. "आजी, जरा खिडकीकडे बघा. पुराव्याला फोटो हवा." आणि दोन बोटांनी आईची हनुवटी धरून त्याने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. बाजारात जनावर पारखतात तसा. "वा! हाडं अगदी तीच!"

"तिनं स्वतः काय सांगितलं होतं?" आईने विचारलं.

"काहीच नाही. अकरा दिवस मारत होते, प्रश्न एकच, तू कुणाची? ज्यांचं नाव घेतलं असतं त्या लोकांच्या वस्त्या पेटल्या असत्या. तिनं तोंडच उघडलं नाही. मग अधिकाऱ्यानं असाच चेहरा बघून ठरवलं." हे सगळं त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

आईने त्याचा हात बाजूला केला. पेनाला टोपण लावलं.

"आजी, मग दगड नाही लागायचा हं."

"नको लागू दे. बेवारशांत तिला कुणी काही विचारत तरी नाही. तुम्ही निघा."

तो जिन्यात काहीतरी पुटपुटत उतरला. मी दार लावून आत आले, तर आई तोंडात पदर धरून रडत होती.

"मला तिचं नाव वाचायचं होतं गं," ती म्हणाली.