पिंपळाखालची छत्रीवाली

मित्रांनो, मी एक जुने जपानी चित्र आहे. छत्री घेतलेली एक बाई बर्फातून नदीकाठाने एकटीच चालली आहे, एवढेच माझ्यात आहे. एकाने मला रेखाटले, दुसऱ्याने लाकडी ठशांवर कोरले, तिसऱ्याने रंग लावून कागदावर छापले. तिघे राबले, पण बाईला सोबत द्यायचे काही कोणाला सुचले नाही!

रेल्वेतले शेषेराव प्रशिक्षणासाठी जपानला गेले होते. त्यांनी मला काचेच्या चौकटीत बसवून नांदेडला आणले. मला पाहताच त्यांच्या पत्नी कावेरीबाई म्हणाल्या, "बाईमाणूस हाय. मोकळ्या कपाळानं कशी ठिवू?" आणि काचेवर कुंकू टेकवले.

शेषेराव हसले. "अगं, देवी न्हाई ती!"

"नसू द्या. सवाशीण तर असंल."

मग दर शुक्रवारी मला कुंकू लागू लागले. पुढे शेषेराव वारले. कावेरीबाईंचे कपाळ मोकळे झाले, पण माझे त्यांनी होऊ दिले नाही. एवढी माया मला जपानातही मिळाली नव्हती.

गेल्या साली त्याही गेल्या. त्यांचा फोटो लावायला माझा खिळा हवा होता. मला उतरवताना काच तडकली.

"फुटकी तसबीर घरात ठिवू न्हाई," सूनबाई उज्वला म्हणाली.

"मम्मी, ती देव न्हाई. आज्जीची मैत्रीण हाय," नात शिवांगी रडवेली झाली.

"कुंकू लागलंय तिला. कचऱ्यात टाकता येतंय का? पिंपळाखाली ठिवून येऊ."

उज्वलाने मला पुसले, गोदावरीच्या काठी पिंपळाच्या बुंध्याशी टेकवले आणि हात जोडून ती गेली. तिने देव समजूनच मला सोडले, तिला तरी काय बोल लावणार?

शेजारी देवांच्या जुन्या तसबिरी आहेत. त्यांना निदान नावे आहेत. येणारेजाणारे आम्हा सगळ्यांना नमस्कार करतात आणि पुढे जातात. पिंपळाखालचा देव कोणी घरी नेत नाही. काल तड्यातून पाणी आत शिरले. बर्फ पिवळा पडला, ओल आता बाईच्या पायांपर्यंत आली आहे. मला फार एकटे वाटते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बाहेर काढण्याआधी तिच्यावर कोणाचा जीव होता, एवढे तरी विचारा. आणि या काठी आलात, तर मला हात जोडू नका. मी देव नाही, कागद आहे. मला पाणी सोसत नाही. उचला आणि घरी न्या.