एकदा मागे बसून बघ

मी एक व्हॅन बोलतेय. उभी आहे तोवर ऐकून घ्या, कारण चालायला लागले की माझ्या खडखडाटात माझंच बोलणं मला ऐकू येत नाही. तसा तो खडखडाट आताशा बराच कमी झालाय, आणि तो कसा कमी झाला तेच मला सांगायचंय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. आज माझ्या रंगाला काय म्हणावं यावर लोकांचं एकमत होत नाही. फरशी बसवणाऱ्या एका कारागिराने मला घेतलं, तोच माझा मालक. माणूस मनाने अगदी मऊ, पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसलेली, की जे टणक तेच चांगलं. त्याची गादी टणक, उशी टणक, पाव भाजला तर तोही दात हलवणारा. फरशीच्या ओझ्याने मी मागून दबते म्हणून त्याने माझ्या मागच्या पाट्यांत आणखी एक पाटा घालून घेतला. मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात ना, ओझं पेलणाऱ्या, तेच हे पाटे. ओझं असलं की मी झोकात चालायची. रिकामी परतताना मात्र टणाटण उडायची, पण तेव्हा मागे कोणी नसायचं, त्यामुळे कोणाची तक्रारही नसायची.

घरात मालक आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आईवडील लवकर गेले, म्हणून ताईनेच त्याला वाढवलं, तेही शिवणयंत्रावर. आजही ते यंत्र खिडकीपाशी असतं आणि पायानेच चालतं. विजेचं घेऊ म्हटलं की ती म्हणते, "माझ्या पायाला कळतं कुठे थांबायचं ते."

आणि त्याच पायावर घाला पडला. जिन्यात घसरून ताईचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी बजावलं, "गुडघा आखडू द्यायचा नाही. दिवसाआड इथे येऊन व्यायाम करायचा. चुकवलात तर पाय कायमचा असाच राहील." म्हणजे यंत्रही कायमचं बंद.

मालक कामाला लागला. ताईला चढायला सोपं जावं म्हणून माझ्या मागच्या दाराशीच त्याने लांब बाक ठोकला. धरायला लोखंडी दांडी बसवली. आणि दवाखान्याच्या प्रत्येक फेरीआधी तो मला हवा भरायला घेऊन जाऊ लागला.

"पुरे की आता," हवा भरणारा म्हणायचा.

"अजून भर. दगडासारखा झाला पाहिजे टायर. ताई बसणार आहे, तिला धक्का लागता कामा नये."

दगडासारखे टायर घेऊन मी खाणीवरून जाणाऱ्या रस्त्याला लागायची. अवजड ट्रकांनी त्या रस्त्याची पार चाळण केलेली. खड्डा संपला की उंचवटा, उंचवटा संपला की खडी. प्रत्येक धक्का मी जसाच्या तसा बाकापर्यंत पोचवायची. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

मालक पुढून ओरडून विचारायचा, "ताई, ठीक ना?"

"पाळण्यात झोपल्यासारखं वाटतंय रे."

असं म्हणून ती रुमालाचा बोळा पुन्हा दातांखाली धरायची. दांडीवर तिची मूठ किती आवळलेली असायची ते फक्त मला ठाऊक. तिला सांगता आलं असतं. पण फेरीच्या दिवशी हा माणूस लवकर उठून बाक पुसणार, हवा भरून आणणार, आणि मोठं बक्षीस जिंकल्यासारखा हसत तिला उचलून आत ठेवणार. त्या हसण्यापुढे तिची जीभ रेटत नसे.

शेवटी तिने दुसरीच वाट काढली. एके दिवशी घरी उतरता उतरता म्हणाली, "मला आता छान वाटतंय. बंद करूया ते जाणंयेणं."

"पण डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर काय, म्हणणारच. पाय माझा आहे की त्यांचा?"

मालक इतका खूश झाला की शेजारीपाजारी सांगत सुटला, आमची ताई ठणठणीत झाली म्हणून. मी अंगणात उभी. खिडकीतून मला दिसायचं, घरात कोणी नसलं की ताई तो पाय दोन्ही हातांनी उचलून यंत्राच्या पायट्यावर ठेवायची, दाबून बघायची आणि पुन्हा खाली घ्यायची. त्या दिवसांत मला माझ्या मुकेपणाचा फार राग आला.

मग मी घसरले. खाणीच्या उतारावर, वळणावर, मागे काहीच ओझं नव्हतं. माझी मागची चाकं जमिनीवर कमी आणि हवेतच जास्त होती, ती रस्ता धरणार कशी? मी आडवी होत गेले आणि कठड्याला टेकून कशीबशी थांबले. मालकाला खरचटलंसुद्धा नाही. तसाच तो मला गॅरेजमध्ये घेऊन गेला.

तिथल्या मेकॅनिकला सगळे काडीपैलवान म्हणतात. का, ते त्याला पाहिल्यावर विचारावं लागत नाही. त्याने माझ्या टायरवरून हात फिरवला.

"मधोमध गुळगुळीत आणि कडा कोऱ्या. एवढी हवा कोणाच्या सांगण्यावरून भरतोस?"

"कोणाच्या नाही. ताईसाठी भरायचो. मागे बसायची ती."

"मग ती काय म्हणायची?"

"पाळण्यात झोपल्यासारखं वाटतं म्हणायची."

काडीपैलवानाने माझा मागचा भाग जोर लावून दाबला. मी ढिम्म हलले नाही. "तू कधी मागे बसलायस?"

"मी मागे बसलो तर चालवणार कोण?"

"मी चालवतो. चल, आडवा हो तिच्या बाकावर."

मालक हसत हसत आडवा झाला. खाणीच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्याला हसू थांबलं. दुसऱ्याला डोकं पत्र्यावर आपटलं, तिसऱ्याला जीभ चावली गेली. मग त्याने दांडी धरली, अगदी ताई धरायची तिथेच, आणि मला कळलं की याला समजलं. परत आल्यावर तो माझ्या दारातच बसून राहिला.

"मोडलेला पाय घेऊन ती यात बसली," तो म्हणाला. "आणि वर मी प्रत्येक फेरीला हवा भरत होतो."

"रडून गाडी मऊ होत नाही," काडीपैलवान म्हणाला. "जॅक आण इकडे."

त्याचे किती उपकार मानू? त्याने आधी तो जादा पाटा काढला, तेव्हा अंगावरचा घट्ट कपडा उसवल्यासारखं मोकळं वाटलं मला. उसळी आवरणारे माझे शॉकअप कधीच गळून कोरडे झाले होते, ते नवे बसवले. सांध्यांतले झिजलेले रबरी बुश बदलले. खोल नक्षीचे टायर चढवून त्यांत हवा वजनापुरतीच भरली. बाक मागच्या दारापासून उखडून चाकांच्या पुढे, माझ्या मध्यावर आणला.

"दाराशी बसवणं म्हणजे सी-सॉच्या टोकाला बसवणं," तो म्हणाला. "आणि ॲक्सिलरेटरवरचा तुझा पायही जरा आवर. रस्ता काही मी बदललेला नाही."

घरी आल्यावर मालक ताईपुढे जाऊन उभा राहिला. खिडकी उघडी होती.

"ताई, उद्या दवाखान्यात जायचं."

"अरे, मी बरी आहे म्हटलं ना?"

"मी आज तुझ्या बाकावर झोपून आलो. खाणीवरून."

 ताईने हातातलं कापड खाली ठेवून त्याला जवळ ओढलं आणि त्याचं डोकं चाचपत म्हणाली, "तुला कुठे लागलं का रे?"

आतापर्यंत कसाबसा धीर धरलेला मालक तेव्हा ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन आम्ही निघालो. रस्ता तोच, खड्डे तेच. पण आता खड्डा आला की माझं चाक त्यात उतरायचं आणि अलगद वर यायचं. जमीन सुटत नव्हती. घसरले होते त्या वळणावरही चारही चाकांनी रस्ता घट्ट धरला आणि आम्ही सरळ पार झालो.

"ताई, ठीक ना?" मालकाने विचारलं.

उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. तो घाबरला. मला कडेला घेऊन धावत मागे आला आणि दार उघडलं.

ताईने डोळे उघडले. "थांबलास कशाला? इतकी छान झोप लागली होती."

झोपेत तिचा हात दांडीवरून सुटून खाली लोंबत होता. एवढ्या फेऱ्यांत ती मूठ मी पहिल्यांदा उघडी पाहिली.

आज ताई पुढे मालकाच्या शेजारी बसते, तीही स्वतःच्या पायांनी चढून. यंत्र दिवसभर चालू असतं. तिने माझ्या बाकाला फुलाफुलांची खोळ शिवली आहे, फरशीच्या व्हॅनला न शोभणारी, पण मला ती फार आवडते. काढलेला पाटा घराच्या दाराला अडसर म्हणून ठेवलाय. त्याच्यावरही माझा राग नाही.

माझं आता वय झालं. पत्रा गंजतोय, कधीतरी मला मोडीत घालतीलच. त्याचं दुःख नाही, माझं भलं झालं. माझं मागणं एवढंच आहे, की ज्याच्या सुखासाठी तुम्ही जिवाचं रान करताय, त्याच्या जागी एकदा बसून बघा. तो "बरं आहे" म्हणाला तरी बसा.

मालक आता नवं कोणी मागे बसायचं असलं की आधी स्वतः त्या बाकावर आडवा होतो आणि ताईला म्हणतो, "तू चालव." तिला गाडी चालवता येत नाही. पण ती चालकाच्या जागी जाऊन बसते, बरा झालेला पाय ब्रेकवर ठेवून दाबून बघते आणि मागे वळून विचारते, "ठीक ना रे?"