बुडाची चावी

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, पण आजही तो प्रसंग सांगायला लागले की माझ्या चकत्या भरभर फिरू लागतात.

कारखान्यातून निघून मी थेट एका मोठ्या इस्पितळाच्या देखभाल-कचेरीत आले. तिथे इमारतीचे चार हजार नकाशे माझ्या पोटात साठवले गेले आणि त्यांची नावे होती ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल खरंच’. तिथल्या आरेखक ताईंनी एकेक नकाशा उघडून त्याच्या माहितीच्या रकान्यात वर्णन लिहायला घेतले: कोणता मजला, कसली वाहिनी, कोणत्या साली बदलली. कामगार त्या वस्तूला काय म्हणतात, तेही त्या विचारून लिहीत. लोक त्यांना नावे ठेवत. त्या नकाशांना नावे देत राहिल्या. तीन वर्षे लागली. मग त्या निवृत्त झाल्या आणि मी कपाटात धूळ खात पडले.

एका सकाळी तळघरातली पाण्याची मोठी वाहिनी फुटली. पाणी विजेच्या खोलीकडे निघाले होते आणि वरच्या मजल्यावर अकरा रुग्ण यंत्रांच्या आधाराने श्वास घेत होते. नव्या इंजिनिअरबाईंनी मला घाईघाईने जोडले आणि शोधाच्या चौकटीत ‘व्हॉल्व्ह’ असे टाकले. मी सहाशे नकाशे पुढे केले. त्यांचा चेहरा पडला.

गुडघ्यापर्यंत भिजलेले प्लंबरकाका दारातच उभे होते. ते म्हणाले, “बाई, त्या मेन व्हॉल्व्हला आम्ही बुडाची चावी म्हणायचो. आता ती कशामागे झाकली गेलीय, ते मला ठाऊक नाही. तसं टाकून बघा.”

बाईंनी टाकले. एकच नकाशा आला! वर्णनात लिहिले होते: ‘मुख्य झडप, बुडाची चावी. औषधांच्या कपाटामागे, लाकडी फळीआड.’

काका धावले. कपाट सरकले, फळी निघाली, चावी फिरली. विजेच्या खोलीच्या उंबऱ्याशी पाणी थांबले. त्या क्षणी मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

बाईंनी ताईंना फोन लावला. सगळे ऐकून घेऊन ताई म्हणाल्या, “सापडली ना, मग झालं. आता कपाट कुठे हलवलंत, तेवढं वर्णनात लिहून ठेवा.”

बाईंनी लगेच लिहिले.

मित्रांनो, तुम्हीही फाईल जपून ठेवताना दोन ओळी जास्त लिहा. ती शोधणारा माणूस घाईत असेल, भिजलेला असेल, आणि त्याच्या तोंडी तुमच्यापेक्षा वेगळाच शब्द असेल.