चढावरच का तापते?

गाडी बावीस वर्षांची होती आणि ती फक्त सुनेच्या हातात तापायची.

नवरा तीच गाडी घेऊन दिवसभर शहरात भटकला, तरी तापमानाचा काटा निम्म्यावर शहाण्यासारखा उभा. सून मात्र टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये रक्त तपासायच्या आपल्या कामावर निघाली, की तिसऱ्या वळणावर काटा लाल रेघेला टेकलाच म्हणून समजा. महिन्याभरात गॅरेजवाल्यानं रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंपसुद्धा नवा बसवला. चौथ्यांदा गाडी परत गेली तेव्हा तो हात पुसत नवऱ्याला म्हणाला, "गाडीत काही नाही, साहेब. वहिनी गिअर चुकीचा टाकत असतील."

नवरा हसला. ते हसणं सुनेच्या चांगलंच डोक्यात गेलं.

रविवारी सकाळी ती वही घेऊन अंगणात आली. तिथं सासरे काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे गल्लीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. चार दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी होती आणि ती पाळली जातेय की नाही हे बघायला सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"मामंजी, नऊ दिवसांचं सगळं लिहून ठेवलंय," सून म्हणाली. "वाचू का?"

"वाच. बघायची बंदी आहे, ऐकायची नाही."

ती वाचत गेली. सपाट रस्त्यावर, हळू चालवताना काटा निम्म्यावर. चढावर, इंजिन जोरात पळवलं की सहा मिनिटांत वर. दुसऱ्या गिअरमध्येही तेच, तिसऱ्यातही तेच. बाजूला थांबून इंजिन नुसतं चालू ठेवलं, की दोन मिनिटांत काटा आपोआप खाली.

मिस्त्री खुर्चीत ताठ झाले. "काय म्हणालीस? इंजिन चालू असताना खाली येतो?"

"हो. पाच वेळा बघितलं. प्रत्येक वेळी."

"आणि पाणी कमी होतं? सायलेन्सरमधून पांढरा धूर?"

"थेंबभर कमी नाही. धूरही नाही."

"मग हेड गॅस्केट गेलेलं नाही, इंजिन आतून ठणठणीत आहे!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "पोरी, हे गॅरेजवाल्याला सांगितलं होतंस?"

"त्यानं विचारलंच नाही. तो यांच्याशीच बोलत होता."

"गाढव आहे लेकाचा. अगं, पंखा चालतोय, पाणी भरलेलं आहे, हळू असताना ते फिरतंय. म्हणजे इंजिन पळायला लागलं की पाण्याची वाट कुठंतरी बंद होते. आणि थांबलं की उघडते. पण तो तपासतो कधी? इंजिन मंद चालत असताना! तेव्हा त्याला काय दिसणार, कपाळ?"

सुनेच्या अंगात वारंच शिरलं. तिनं केस घट्ट बांधले, ओढणी काढून सासूबाईंच्या हातात दिली आणि आत हाक मारली, "अहो, चावी घेऊन या. तुम्ही आत बसायचं आणि मी सांगेन तेव्हा रेस द्यायची."

नवरा चहाचा कप तसाच टाकून आला. इंजिन गरम होऊ दिलं. बॉनेट उघडं होतं. सून टॉर्च घेऊन गाडीसमोर गुडघ्यांवर बसली.

"पंख्यापासून हात लांब ठेव!" मिस्त्री ओरडले. "नुसतं बघ. सगळे पाइप बघ, एकेक करून. हं, दे रे रेस!"

इंजिन गरजलं. वरचा जाड पाइप ताठ, जागच्या जागी. हीटरचे दोन बारीक पाइप, काही नाही. तिनं गाल जवळजवळ जमिनीला टेकवला आणि उजेड खाली टाकला. रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे जाणारा पाइप तिथं होता.

"अजून द्या! अजून!"

आणि तो पाइप तिच्या डोळ्यांदेखत आत ओढला गेला. संपलेल्या टूथपेस्टच्या नळीसारखा चपटा!

"चपटा झाला!" ती किंचाळली. "मामंजी, खालचा पाइप चपटा झाला! अहो, सोडा, रेस सोडा!"

आवाज उतरला. पाइप फुगून पुन्हा गोल झाला, जणू काही घडलंच नव्हतं.

"परत द्या!"

पुन्हा चपटा. तिनं तीन वेळा करून बघितलं, लॅबमध्ये एखादा रिपोर्ट विचित्र आला की करायची तसंच. मग नवराही खाली उतरून, तिला आत बसवून, स्वतः जमिनीवर आडवा झाला. उठला तेव्हा शर्टाला माती लागली होती.

मिस्त्री तर खुर्चीतून उठलेच होते. सासूबाईंनी दंडाला धरून परत बसवलं, तरी ते ओरडतच होते. "आत तारेची स्प्रिंग असते गं! ती गंजून तुटली असणार. पंप जोरानं पाणी ओढतो आणि नळीच गळा आवळते. नव्या पंपाला जुनाच पाइप लावला त्यानं!"

पार्टच्या दुकानात नवरा अक्षरशः धावत गेला. तोवर इंजिन थंड झालं. सुनेनं पाणी काढून क्लिपा सोडल्या, पाइप ओढून काढला आणि उलटा केला, तसे आतून गंजक्या तारेचे तुकडे जमिनीवर पडले. तिनं ते सासऱ्यांच्या तळहातावर ठेवले. ते बोटांनी चाचपत कितीतरी वेळ हसत राहिले.

नवा पाइप बसला, कूलंट भरलं, आतली हवा काढली. दुपारी चौघंही गाडीत बसली. घरी थांबायला कुणी तयारच नव्हतं. सून चालवत होती. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर तिनं काट्याकडे बघितलं. काटा निम्म्यावर. तिनं गाडी आणखी पळवली. काटा ढिम्म.

"वर गेला का?" मागून सासूबाई.

"नाही!"

"थोडा तरी?"

"अजिबात नाही, आई!"

हॉस्पिटलच्या फाटकाशी ती थांबलीच नाही. रस्ता पुढं आणखी उंच जात होता, त्यावर ती याआधी कधी गेली नव्हती. नवरा शेजारून हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी हसायला नको होतं."

"नकोच होतं," ती म्हणाली आणि हसत हसत गिअर बदलला.