होल्डवरचं गाणं

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाईला सगळे हॅलोबाई म्हणत. एकोणीस वर्षं तिने लोकांची बोलणी खाल्ली होती. नळ कोरडे ठेवायचे दुसऱ्यांनी आणि शिव्या ऐकायच्या हिने, असा सगळा कारभार. त्यात लोकांना थांबवून ठेवलं की फोनमध्ये वाजायची ती टिंगटिंग! चांगला शहाणासुरता माणूस दोन मिनिटं ती ऐकून चवताळून उठायचा.

बाई मुळात गाणंवेडी. भाचीने तिला एक साइट दाखवली होती. ज्यांना कुठल्याही कंपनीने विचारलेलं नाही असे गाणारे तिथे आपापली गाणी ठेवत, आणि ज्याला हवं त्याने ती फुकट उतरवून घ्यायची. रोज जेवणाच्या सुट्टीत तोंडात घास आणि कानात इयरफोन, असं बाईचं संशोधन चाले. तीन दंतवैद्यांचा एक बँड तिने असाच शोधून काढला होता. एक मेंढपाळ होता, त्याच्या प्रत्येक गाण्यात मागे कुत्रं भुंके, आणि तेही सुरात.

"मावशी, तुझ्या गाण्यांनी फोन भरतो आणि मग तू माझे फोटो उडवतेस," भाची कुरकुरायची.

"तुझं तोंड मला रोज दिसतं. असं कुत्रं कुठे ऐकायला मिळणार?"

एके दिवशी तिला 'शिडीवाली' सापडली. फोटो नाही, माहिती नाही. नुसता एका बाईचा आवाज, मोकळा, रिकाम्या घरात घुमावा तसा.

वर जा रे हाता, खाली ये रे हाता,
कोनाड्यात दडलेली रात घे आता.

दुसऱ्या कडव्यात मध्येच 'ठण्ण' असं काहीतरी वाजायचं आणि आवाज तसाच पुढे जायचा. बाईने ते लागोपाठ सहा वेळा ऐकलं, डबा तसाच राहिला. मग खाली आकडा बघितला. आजवर हे गाणं उतरवून घेणारे किती, तर अकरा!

"अकरा? मेल्यांना कान आहेत की नाहीत?" बाई एकटीच म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुणाला न विचारता आपल्या टेबलावरच्या यंत्रात पेन ड्राइव्ह खुपसला, टिंगटिंगला हाकललं आणि तिथे शिडीवालीला बसवलं.

तिसऱ्याच दिवशी एक गृहस्थ म्हणाले, "थांबा, बोलू नका. कडवं संपू दे." एका आजोबांची टाकी काठोकाठ भरलेली, तरी ते रोज सकाळी फोन करून म्हणायचे, "बाळ, जरा होल्डवर टाक गं." महिन्याभरात शिव्या निम्म्यावर आल्या. मुख्य कार्यालयातून शाबासकीचं पत्र आलं. साहेबांनी उत्तर धाडलं की ही कल्पना माझीच. बाईला ते लागलं, फार लागलं, पण तिने पुढचा फोन उचलला.

मग दुसरं पत्र आलं. हे गाणं वाजवायची परवानगी कोणी दिली?

"बाई, हे तुम्ही परस्पर काय करून ठेवलंत?" साहेब म्हणाले. शाबासकी आली तेव्हा कल्पना त्यांची होती, चौकशी आली तशी ती हॅलोबाईंची झाली.

बाईने साइट उघडली. वर ठळक अक्षरांत 'फुकट' होतं, ते तिने वाचलं होतं. पार तळाशी बारीक अक्षरांत होतं, 'घरी हवं तितकं ऐका. चारचौघांत वाजवायचं तर आधी मला विचारा.' बाईने कपाळाला हात लावला.

"शुक्रवारी पाचपर्यंत तिच्या सहीचा कागद आणा," साहेबांनी बजावलं, "नाहीतर टिंगटिंग परत."

साइटवरून तिने शिडीवालीला तीनदा लिहिलं. उत्तर नाही. गाणं जाणार याचं दुःख होतंच. पण एकोणीस वर्षांत या ऑफिसात तिने एकच गोष्ट आपल्या मनाने केली होती, आणि तीच चूक ठरणार होती.

मंगळवारी तिने खाकरून घसा साफ केला आणि गाण्याच्या शेवटी स्वतःचा आवाज भरला. "हे गाणं ज्यांनी म्हटलंय त्यांनी कृपा करून फोन ठेवू नये. तक्रार नसली तरी चालेल."

झालं! दोन दिवसांत नऊ शिडीवाल्या निघाल्या. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक.

"अहो, पण आवाज बाईचा आहे!"

"त्या दिवशी माझा घसा बसला होता," ते म्हणाले, आणि वर हेही म्हणाले की ती मधली झांज त्यांनीच वाजवली. प्रत्येकाला बाई तोच प्रश्न विचारायची, मध्ये वाजतं ते काय? कुणी घंटा सांगितली, कुणी थाळी. पण बाईला एकाचंही पटलं नाही, कारण इतक्या बेताल जागी शुद्धीतला माणूस काही वाजवणार नाही.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता फोन आला. "पाणी नाही, आणि ते गाणं माझं आहे. आधी पाण्याचं सांगू का?"

बाई ताठ बसली. "मध्ये ठण्ण वाजतं ते काय?"

"अहो, वाजतं कसलं! शिडीवरून रंगाच्या डब्याचं झाकण पडलं. पुन्हा म्हणायला वेळ कुठला? भिंतीला दुसरा हात मारायचा होता." ती घरं रंगवणारी होती. तिची आई आणि आजी भिंती पांढऱ्या करताना हेच म्हणायच्या, ब्रशचा वर-खाली ठेका धरून. रिकाम्या खोलीत आवाज छान लागतो म्हणून तिने ते फोनवर भरून साइटवर ठेवलं होतं. तोच फोन पुढे रंगाच्या बादलीत पडला, म्हणून बाईचे निरोप तिला मिळालेच नव्हते. आज रंग कालवायला घरात पाणी नव्हतं, म्हणून मालकाच्या फोनवरून तिने तक्रार लावली, तर कानात स्वतःचाच आवाज!

"मला वाटलं, ऊन लागलं मला," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. इकडे बाईचेही डोळे भरून आले. तिने आधी टँकर पाठवला, मग सहीसाठी ऑफिसचा पत्ता सांगितला.

साडेचारला रंगारीण आली, कोपरापर्यंत पिवळी. साहेबांनी खुर्ची पुढे केली आणि ऑफिसच्या नावाने टाइप केलेला कागद सरकवला.

"आम्हीच तुमचं गाणं निवडलं," ते हसून म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोणी?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. आज गप्प बसले तर जन्मभर गप्पच बसेन, असं बाईला वाटलं.

"मी निवडलं," ती म्हणाली. "मी शोधलं, आणि मीच लावलं."

रंगारिणीने साहेबांचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं. 'हे गाणं मी या फोनवरच्या बाईंना दिलं आहे. त्या हवं तितके दिवस वाजवू शकतात.' खाली सही, आणि सहीशेजारी आपोआप पिवळा अंगठा.

"अहो, परवानगी ऑफिसच्या नावाने लागते," साहेब म्हणाले.

"ऑफिसने कुठे ऐकलं? ऐकलं यांनी."

पाचला दहा मिनिटं होती. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि मुकाट्याने मुख्य कार्यालयाला पत्र लिहायला पेन काढलं. "काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा," हॅलोबाई म्हणाली, आणि समोरची खुर्ची ओढून बसली. ती सांगत गेली, साहेब लिहीत गेले.