ठिगळाची बाजू

मी एक जुनं, वीतभर लांबीचं वाफेचं इंजिन आहे. पण मित्रांनो, वाफेशी माझा कधी संबंध आला नाही. खऱ्या इंजिनाच्या शहात्तराव्या हिश्शाएवढं मला कारखान्यात ओतलं. त्याच साच्यातून माझी हजारो भावंडं निघाली. आमचे धरायचे दांडे अंगावरच उमटवलेले होते, म्हणजे धरता न येणारे. रंग नव्या बुटासारखा चकचकीत होता.

घड्याळकाकांनी मला आणलं ते खेळायला नव्हे. ते घड्याळं दुरुस्त करीत. घरात त्यांचे थोरले भाऊ होते, दादा. दादांनी बावीस वर्षं एकच इंजिन चालवलं. पुढे ते भंगारात गेलं, वितळलं. आणि काचबिंदूने दादांची नजरही गेली. इंजिनाला ते 'ती' म्हणत. एकदा जेवताना ते म्हणाले, "दिसायचं राहू दे रे. तिच्यावरून एकदा हात फिरवायला मिळाला असता, तर जीव निवला असता." दुसऱ्या दिवशी मी काकांच्या टेबलावर होतो.

त्या इंजिनाचा एकच फोटो घरात होता. तरुण दादा केबिनला टेकून उभे, नंबर त्यांच्या खांद्याआड, आणि पायरीजवळ पत्र्याला एक ठिगळ.

काकांनी पात्याने माझे खोटे दांडे तासून काढले. अर्ध्या मिलिमीटरची भोकं पाडून पितळी तार ओवली. एका बंद घड्याळाचा मिनिटकाटा माझ्या शिट्टीची दांडी झाला. ठिगळासाठी तांब्याचा पातळ पत्रा घेऊन, मागून बोथट सुई टोचून त्यांनी त्यावर रिव्हेटचे, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांचे, उंचवटे उठवले. फोटोत भिंगाखाली एकोणीस मोजले होते. माझ्याही ठिगळावर एकोणीसच आहेत. शेवटी त्यांनी माझ्या अंगाला काजळी चोळली.

"भावजी, ह्यांना काजळी दिसणार आहे का?" दादांच्या पत्नीने, वहिनींनी, दारातून विचारलं.

"दिसणार नाही, वहिनी. पण असायला नको का?"

एक गोष्ट मात्र जुळेना. कारखान्याने माझा हवेचा पंप डावीकडे लावला होता. फोटोत तो उजवीकडे होता. काका हसले. "एवढे शहाणे, पण बाजू कळली नाही!" असं म्हणून त्यांनी पंप कापला आणि उजवीकडे चिकटवला. ठिगळही तिकडेच बसवलं.

शेजारच्या खोलीतून दादा विचारीत, "काय खरवडतोयस रे सकाळपासून?"

"घड्याळ, दादा."

"एवढं? कुठल्या राजवाड्याचं?"

वहिनी हसू दाबीत. "सांगू नका हं," काका त्यांना बजावत. "हातात देईन तेव्हाच कळू दे." अकरा महिने दोघा भावांच्या मधे एक भिंत होती, आणि त्या भिंतीला दार होतं.

मग एका दुपारी काकांनी मला दादांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची जाड बोटं माझ्या धुराड्यावरून खाली आली. "अरे! हा दांडा... ही शिट्टी! हिची दांडीसुद्धा हलते की रे!" मी त्याआधी आणि त्यानंतर इतका खरा कधीच नव्हतो. मग त्यांचा तळवा केबिनच्या डाव्या अंगाला गेला आणि तिथेच थांबला.

"ठिगळ कुठाय?"

काकांनी त्यांचं बोट धरून उजवीकडे नेलं. दादांनी रिव्हेट चाचपले, मान हलवली.

"माझ्या बाजूला होतं ते. रोज चढताना त्यावर हात ठेवायचो. छान केलंयस रे, खरंच. पण ही तिची बहीण असेल. ती नव्हे."

काकांनी फोटो आणला. वहिनींनी तो उजेडात धरला. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, हा शर्ट मी शिवलाय. ह्यांचा खिसा उजवीकडे कसा?"

फोटो छापणाऱ्याने फिल्म उलटी ठेवली होती; डावं ते उजवं झालं होतं. पंपाच्या बाबतीत कारखानाच बरोबर होता. काकांनी भिंगातून एकोणीस रिव्हेट मोजले होते. भावाचा खिसा मात्र पाहिला नव्हता.

"आठ दिवसांत बदलून देतो, दादा."

"दे की. मी कुठे पळून जातोय?"

काकांनी पंप सोडवला, डावीकडे लावला. ठिगळ अलगद उचललं, उजवी बाजू घासून काढली. सहाव्या दिवशी सकाळी दादा उठलेच नाहीत.

त्यानंतर काकांनी मला हातात घेतलं नाही. मी त्यांच्या खणात पडून आहे, गिऱ्हाइकांनी न नेलेल्या घड्याळांच्या शेजारी. माझ्या उजव्या अंगावर काजळी नसलेला एक चौकोन आहे. डाव्या अंगावर पंप आहे, ठिगळ नाही. ठिगळ काडेपेटीत आहे. ते चिकटवायला दहा मिनिटं पुरतील, आणि काकांचे हात अजून स्थिर आहेत. पण मी ज्याचं इंजिन व्हायचो, तो तळवाच आता नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. एवढंच करा: कुणासाठी जीव ओतून काही घडवत असाल, तर मधेच उठा, शेजारच्या खोलीत जा आणि त्या माणसाला विचारा. गंमत थोडी कमी होईल. दादांना कुणी नुसतं विचारलं असतं, "ठिगळ कुठल्या बाजूला होतं हो?" तर त्यांनी ते हवेत हात ठेवून दाखवलं असतं.